पेटीचेही ड्रॉइंग हवे

मशीन बनवणाऱ्या कारखान्यात प्रत्येक गोष्टीचे ड्रॉइंग असते. बेडच्या कास्टिंगचे असते, स्पिंडलचे असते, गार्डच्या पत्र्याचे असते, नेमप्लेटच्या चार रिव्हेटांच्या भोकांचेही असते. ज्या पेटीत घालून ते मशीन हजारो किलोमीटर पाठवायचे, तिचे मात्र बहुधा नसते. महिनाअखेर आलेली असते. इन्व्हॉइस आजच्याच तारखेत निघायला हवे असते. टेस्टिंगवाल्यांनी मशीन संध्याकाळी सोडलेले असते, रंग अजून हाताला चिकटत असतो, आणि पॅकिंगवाल्याला फोन जातो, "माप घेऊन जा, रात्री गाडी लागणार आहे." तो येतो, टेप लावतो, लांबी-रुंदी-उंची वहीत उतरवतो. वजन विचारले तर कुणीतरी कॅटलॉग बघून सांगतो. गुरुत्वमध्य कुठे आहे, हे तो विचारत नाही. आणि विचारले असते तरी त्या घाईत कुणाला सांगता आले नसते.

हे पुस्तक अशा संध्याकाळींच्या विरोधात लिहिले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की पॅकिंग हे मशीन बनवण्यातले शेवटचे ऑपरेशन आहे आणि त्याचे डिझाइन मशीनच्या डिझाइनबरोबरच व्हायला हवे. एवढे ऐकून सगळेच मान डोलावतात. पण बेड ओतताना उचलण्यासाठी आयबोल्टची जागा ठेवायची का, व्हीलहेड प्रवासात कुठे आणि कशाने जखडायचे, वरचा सिग्नल लॅम्प काढता येईल का, इलेक्ट्रिकल पॅनल मशीनवरच राहणार की वेगळ्या पेटीत जाणार, हे प्रश्न डिझाइनच्या टेबलावर आले तर जवळजवळ फुकटात सुटतात. डिस्पॅचच्या रात्री ते खिळे ठोकून आणि नायलॉनची दोरी आवळून सोडवावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. पुस्तकभर ते सोबत राहील. भोसरीतल्या एका कारखान्यातून सहा टनांचे सीएनसी ग्राइंडिंग मशीन जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या गिऱ्हाइकाकडे जायचे आहे. वजन सहा टन आणि काम मायक्रॉनचे, म्हणजे अवजडही आणि नाजूकही. कारखान्यात हायड्रा क्रेन ते उचलून ट्रेलरवर ठेवते. ट्रेलर खंडाळ्याचा घाट उतरून न्हावा-शेव्याकडे येतो. बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात पेटी उतरते आणि फोर्कलिफ्टने कंटेनरमध्ये सरकवली जाते. मग धक्क्यावरची क्रेन, जहाज, पुष्कळ दिवसांचा समुद्र, हॅम्बुर्गची क्रेन, तिथून रेल्वे किंवा ट्रक, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या दारातली फोर्कलिफ्ट. एवढ्या हातांतून जाताना कारखान्याचा माणूस फक्त पहिल्या ठिकाणी हजर असतो. पुढे काही सांगायचे असेल तर ते पेटीनेच सांगायचे आणि काही सोसायचे असेल तर तेही पेटीनेच.

सोसायचे म्हणजे किती, हे आकड्यात सांगता येते. कंटेनरमध्ये माल कसा भरावा आणि बांधावा याची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. सागरी वाहतूक संघटना, कामगार संघटना आणि युरोपचा आर्थिक आयोग या संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी मिळून ती २०१४ साली आणली. रस्त्यावर अचानक ब्रेक लागला तर मालाला त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढे ढकलतो असे धरावे. बाजूला आणि मागे ५० टक्के धरावा, असे ती सांगते. खवळलेल्या खुल्या समुद्रात बाजूचा जोरही ८० टक्क्यांवर जातो. आपल्या मशीनच्या बाबतीत हे ४.८ टन झाले. पेटीच्या प्लायने किंवा फळ्यांनी एवढा भार घ्यावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. बाजू आणि झाकण ही पावसाला, धुळीला आणि फोर्कच्या टोकाला अडवण्यासाठी असतात. भार जायचा तो मशीनच्या पायातून बोल्टमध्ये, बोल्टमधून स्किडमध्ये, म्हणजे मशीनखालच्या लाकडी तळात, स्किडमधून लॅशिंगमध्ये आणि तिथून कंटेनरच्या रिंगांमध्ये. या साखळीतली एक कडी ढिली असली तर बाकीच्या कितीही जाड असल्या तरी उपयोग नाही.

म्हणून या पुस्तकात पेटीच्या आधी स्किड येते. बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ती पेटी: रंधा मारलेल्या फळ्या, सरळ रेषेत बसलेले खिळे, स्टेन्सिलने मारलेली अक्षरे. पैसे वाचवायचे ठरले की कात्री लागते ती स्किडला, कारण ती दिसत नाही. रनर दोन इंचांनी बारीक होतो, आरपार जाणाऱ्या बोल्टऐवजी लॅग स्क्रू येतो, लाकडात गाठ आहे की चीर, हे कुणी बघत नाही. दोन्ही टोकांना उचललेल्या स्किडच्या मध्यात सहा टन आले की ती वाकते. तिच्याबरोबर तिला बोल्टने आवळलेला मशीनचा पायाही ताणला जातो. घराच्या पायात पैसे घालायला कुणी कां-कूं करत नाही. स्किडच्या बाबतीत तोच हिशेब आपण विसरतो.

धक्क्यांचा हिशेब याहून वेगळा आहे आणि तो बहुतेकांना चकित करतो. हायड्राच्या ऑपरेटरने मशीन अवघ्या पाच सेंटिमीटरवरून सोडले असे समजू. जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो. आता प्रश्न एवढाच, की ते किती अंतरात थांबते. सिमेंटच्या फरशीवर कडक लाकूड टेकले आणि दोन मिलिमीटरमध्ये थांबले, तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पंचवीसपट. त्याच जागी २५ मिलिमीटर दबणारी गादी असती तर गुरुत्वाकर्षणाच्या फक्त दुप्पट. उंची तीच, मशीन तेच. फरक फक्त थांबण्याच्या अंतराचा. हे वाचून कुणी सबंध मशीनच जाड रबरावर बसवायला निघाला तर मात्र समुद्रावर त्याची फजिती होईल. जहाज दिवसरात्र डुलत असते, मऊ पायावरचे जड मशीन त्या तालावर डुलू लागते आणि लॅशिंगचे पट्टे हळूहळू सैल होतात. म्हणून सर्वसाधारण रिवाज असा: अवजड अंग स्किडला घट्ट बोल्ट करायचे, मेजरिंग हेड, काचेच्या स्केल, कंट्रोलचा स्क्रीन, ड्राइव्ह असे नाजूक अवयव शक्य तिथे काढून वेगळ्या पेटीत, फोममध्ये बसवायचे. कुठला अवयव कुठल्या गटात जाईल हे डिझाइनरने सांगायचे असते. सुताराने ते अंदाजाने ठरवू नये.

उचलण्याच्या प्रकरणात एक छोटी आकृती आहे. ती मोठी करून लोडिंग बेच्या भिंतीवर लावावी. दोन पायांच्या स्लिंगने सहा टन उचलताना स्लिंग आडव्याशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक पायावर सुमारे साडेतीन टन येतात. कोन ३० अंशांवर आला की प्रत्येक पायावर पूर्ण सहा टन. बेल्ट आखूड पडला म्हणून ताणून लावला, की नेमके हेच होते, आणि तो बेल्ट पेटीच्या वरच्या कडा आत दाबतो ते वेगळेच. यावर उपाय म्हणजे स्प्रेडर बीम, किंवा पेटीच्या वरच्या चौकटीत आडवी दाबपट्टी आधीच घालणे. दोन्हींची तयारी आधी करावी लागते. मशीन हुकाला लटकलेले असताना दोन्हींपैकी काहीच करता येत नाही.

या सगळ्यापेक्षा गुपचूप होणारे एक नुकसान आहे. बेअरिंगमधल्या गोळ्या किंवा रोलर फिरत असताना त्यांच्या आणि रेसच्या मध्ये तेलाचा थर टिकतो. फिरणे बंद असताना नुसतीच थरथर चालू राहिली तर गोळी एकाच जागी सूक्ष्म घासत राहते, तेल बाजूला सरते आणि रेसवर ओळीने खळगे पडतात. अमेरिकेत डेट्रॉइटहून आगगाडीने पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांतल्या बेअरिंगमध्ये हा प्रकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लक्षात आला होता. गाडी एक मैलही चालली नव्हती आणि बेअरिंग झिजलेले. आपले मशीन समुद्रावर कित्येक दिवस इंजिनाच्या थरथरीत उभे असते. पेटी सुखरूप पोहोचते, मशीन सुरू होते, आणि ग्राइंडिंग केलेल्या पृष्ठभागावर बारीक लाटा उमटू लागतात. गिऱ्हाईक म्हणते मशीन खराब, कारखाना म्हणतो टेस्टिंगला ठीक होते, आणि दोघेही खरे बोलत असतात. व्हीलहेड आणि टेलस्टॉकला ट्रान्स्पोर्ट ब्रॅकेट लावून जखडणे, शक्य असेल तिथे स्पिंडलवर अक्षाच्या दिशेने हलका दाब ठेवणे, ग्रीस योग्य निवडणे, हे उपाय तिसऱ्या प्रकरणात विस्ताराने आले आहेत. ब्रॅकेट भडक रंगाने रंगवावेत आणि त्यांची संख्या अनपॅकिंगच्या कागदावर लिहावी, म्हणजे तिकडच्या माणसाकडून ते न काढता मशीन सुरू होण्याची शक्यता उरणार नाही.

धक्क्यानंतर पाणी. पावसाचे पाणी ही त्यातली सोपी बाजू. कंटेनरचे छप्पर शाबूत असले की ते आत येत नाही. अवघड पाणी आत असते. न्हावा-शेव्यात जुलैमध्ये बंद केलेला वीस फुटी कंटेनर घ्या. त्यात सुमारे ३३ घनमीटर हवा मावते. तीस अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर त्या हवेत सगळे मिळून सुमारे ८०० ग्रॅम वाफ असते, म्हणजे लिटरभरही नाही. आता त्यातल्या लाकडाकडे बघा. पेटी आणि स्किड मिळून पाचशे किलो लाकूड असेल आणि त्यात वीस टक्के ओल असेल, तर ते लाकूड ८० लिटरांहून अधिक पाणी घेऊन निघालेले असते. त्यातले थोडेसे वाळले तरी वीसेक लिटर पाणी बंद जागेत मोकळे होते. दिवसा डेकवर पत्रा तापतो, वाफ बाहेर पडते. रात्री पत्रा थंड होतो आणि छपराला घाम फुटतो. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलल्यावर थेंब पडतात, तसे पेटीवर थेंब पडत राहतात. मशीनवर गंज आला की सगळे समुद्राला दोष देतात. बरेचदा ते पाणी भोसरीच्या लाकडाच्या वखारीतूनच निघालेले असते.

म्हणून ओलीचे प्रकरण सगळ्यांत मोठे झाले आहे आणि ते तसेच राहू दिले. ओल मोजण्याचे छोटे मीटर बाजारात मिळतात. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. डिस्पॅच सुपरवायझरच्या खिशात पेन असते तसे हे मीटर असावे. नाजूक मशीनसाठी ॲल्युमिनियम फॉइलची पिशवी करायची तर तिचा नियम असा, की लाकूड पिशवीच्या बाहेर आणि मशीन पिशवीच्या आत. मशीनचे बोल्ट पिशवीच्या तळातून स्किडमध्ये जातात, तेव्हा प्रत्येक भोकाला वर-खाली रबरी वॉशर आणि सीलंट लागते. न लावलेले एक भोक म्हणजे उघडे दार. हवा काढून कडा गरम करून चिकटवायच्या. आत शोषक पुड्या मोजून ठेवायच्या, मुठीने टाकायच्या नाहीत. जर्मन मानकाप्रमाणे एक युनिट शोषक ४० टक्के आर्द्रतेत किमान सहा ग्रॅम वाफ शोषते. टेकू म्हणून कुणी किलोभर ओल्या लाकडाचा ठोकळा पिशवीत ठेवून दिला, तर त्यातले निम्मे पाणी शोषायलाच चौदा युनिटे खर्ची पडतात. हिशेब मशीनसाठी केलेला असतो आणि पुड्या ठोकळ्यासाठी संपतात.

गंजाची सुरुवात कधी कधी याहून क्षुल्लक गोष्टीतून होते. ग्राइंड केलेल्या स्पिंडलच्या नाकावर हात लावून कुणी म्हटले, "काय फिनिश आलंय!" तर आठवड्याभरात तिथे बोटांच्या रेषांसकट तपकिरी ठसा उमटू शकतो. घामातले मीठ काही माणसांच्या हातांना जास्त असते, आणि कारखान्यात अशी माणसे कोण ते सगळ्यांना ठाऊक असते. पॅकिंग करताना हातमोजे घालणे, आधी सॉल्व्हंटने पुसून घेणे, मग रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल, मग गंजरोधक वाफ सोडणारा व्हीसीआय कागद, हा क्रम पाळला नाही तर महागडा कागदही मिठावरच गुंडाळला जातो. व्हीसीआयमधून निघणारी वाफ धातूच्या जवळपास कोंडून राहिली तरच काम करते. उघड्या पेटीत चार कागद पसरून ठेवण्यात अर्थ नाही.

लाकडाविषयी दुसरी सक्ती किड्यांमुळे आली. आशियातला लांब मिशांचा एक भुंगेरा १९९६ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या झाडांत सापडला. तो पॅकिंगच्या लाकडातून आला असावा असे निष्पन्न झाले, आणि तिकडची हजारो झाडे तोडावी लागली. त्यानंतर वनस्पती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये २००२ साली आयएसपीएम १५ हे मानक आले. लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंशांवर नेऊन तिथे सलग ३० मिनिटे राखायचे, आणि मग त्यावर कणसाचे चिन्ह, देशाचा संकेत, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि एचटी ही अक्षरे असलेला शिक्का मारायचा. भारतात प्रक्रिया करणाऱ्यांना मान्यता देण्याचे काम फरीदाबादचे वनस्पती संरक्षण संचालनालय पाहते. प्लायवुडला हा नियम लागत नाही, कारण ते बनतानाच तापलेले आणि चिकटवलेले असते. या शिक्क्याभोवती एक गैरसमज पसरला आहे आणि तो इथेच मोडलेला बरा. शिक्का म्हणतो किडे मेले. लाकूड वाळले असे तो म्हणत नाही, मजबूत आहे असेही म्हणत नाही. अर्ध्या तासाच्या उष्णतेने अळ्या मरतात. लाकूड वाळायला दिवस लागतात. ऑर्डर देताना 'एचटी' आणि 'केडी', म्हणजे भट्टीत वाळवलेले, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मागाव्या लागतात.

पॅकिंगचा विचार मुळापासून केला तर काय साधते, हे दाखवणारी एक जुनी गोष्ट परदेशातली आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅलोमार दुर्बिणीसाठी दोनशे इंच, म्हणजे सुमारे पाच मीटर व्यासाचा आरसा लागणार होता. त्याची काचेची तबकडी न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्निंगमध्ये ओतली गेली. १९३६च्या मार्चअखेर ती सुमारे वीस टनांची काच उभी करून, पोलादी आवरणात घालून, मधोमध खोलगट केलेल्या खास रेल्वे वाघिणीवर बसवली. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ठेवला होता आणि प्रवास फक्त दिवसा चालायचा. सोळा दिवसांनी काच पासाडेनात सुखरूप उतरली. खरे श्रम प्रवासाच्या आधी झाले होते: काच उभी का ठेवायची, कुठल्या पुलाखालून ती जाऊ शकेल, वाघिणीचा तळ रुळांच्या किती जवळ नेता येईल. असे प्रश्न सुटल्यावर हळू जाणे हा सर्वांत सोपा भाग उरला.

आपल्याकडचे उदाहरण ताजे आहे. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी महाराष्ट्रात बनलेला सत्तर टनांचा एअरोस्पेस ऑटोक्लेव्ह जुलै २०१९ मध्ये रस्त्याने निघाला आणि जुलै २०२० मध्ये पोहोचला. अंतर सतराशे किलोमीटर, वाहन ७४ चाकांचे. टाळेबंदीने त्यात भर घातली, तरी मुख्य अडचण रस्त्याचीच होती: पूल, झाडे, विजेच्या तारा, अरुंद वळणे. एवढ्या मोठ्या मालाची वाहतूक हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याचे शास्त्र वेगळे आहे. त्यामुळे ओडीसी म्हणजे मापाबाहेरचा माल या पुस्तकाच्या कक्षेत घेतलेला नाही. पण त्यातला धडा लहान मशीनलाही लागू आहे. साध्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर असते, हायक्यूबच्या दाराची सुमारे २.५८ मीटर. मशीनची उंची ठरवताना स्किडची उंची आणि वरची फट धरली नाही, तर मशीन दारातच अडते. मग सिग्नल लॅम्पच्या दोन इंचांपायी महागडा कंटेनर मागवावा लागतो.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर विम्याविषयी. "इन्शुरन्स आहे ना?" हा प्रश्न पॅकिंगच्या चर्चेत हटकून येतो. विमा आहे, पण तो काय भरून देणार नाही तेही त्यातच लिहिलेले असते. माल विम्याच्या प्रचलित अटींत, सर्वांत व्यापक संरक्षणाच्या 'ए' गटातसुद्धा, अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. विशेषतः ते पॅकिंग विमेदाराने स्वतः केले असेल किंवा विमा सुरू होण्यापूर्वी झाले असेल तर. १९२४ साली ब्रुसेल्समध्ये ठरलेल्या हेग नियमांतही पॅकिंग अपुरे असेल तर जहाज कंपनीवर जबाबदारी नाही, असे कलम आहे. म्हणजे घसरलेल्या मशीनचे फोटो पाहून सर्वेअर पहिला प्रश्न विचारणार तो पॅकिंगचा. त्यावर दाखवायला ड्रॉइंग, लाकडातल्या ओलीची नोंद, लॅशिंगचा हिशेब आणि पेटी बंद करण्यापूर्वीचे फोटो असले, तर बोलणी पुढे सरकतात. नसले तर कारखान्याची बाजू मांडायला डिस्पॅचवाल्याची आठवण तेवढी उरते.

पेटीवर चिकटवलेल्या शॉक इंडिकेटरचेही तसेच. ठरावीक मर्यादेपलीकडचा धक्का बसला की त्यातली नळी लाल होते. पण लाल झाली ती घाटात, बंदरात की गिऱ्हाइकाच्या दारात, हे ती सांगत नाही. प्रत्येक हस्तांतरणाला ती पाहून एलआरवर किंवा पावतीवर शेरा मारला तरच तिला किंमत. महागड्या मशीनसाठी वेळ नोंदवणारे रेकॉर्डर मिळतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरबरोबर ते नेहमी जातात. तेल काढून, आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून निघालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रवासाची बखर तोच रेकॉर्डर लिहितो.

हे सगळे ज्यांच्या हातून घडते ती माणसे बहुतेक पुस्तकांत दिसत नाहीत. हायड्राचा ऑपरेटर, माथाडी, रोलर आणि पहारीवर दहा टनांचे मशीन बोटभर अंतराने सरकवणारे खलाशी, पेटीचे सुतार. मशीन कुठे कलेल, पाचर कुठे मारायची, स्लिंग कुठून सुटेल, हे खलाशी नुसत्या नजरेने सांगतो आणि ते बहुधा बरोबर असते. १९६९च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात या कष्टकऱ्यांच्या नोकरीला आणि कल्याणाला चौकट दिली. त्यांच्या ज्ञानाला मात्र अजून कागद मिळालेला नाही. पॅकिंगचे स्पेसिफिकेशन येते इंग्रजीत, परदेशी गिऱ्हाइकाच्या लेटरहेडवर, आणि काम होते मराठी-हिंदीत, ओरडून, इशाऱ्यांवर. मधल्या फटीत बरेच काही सांडते. मराठीत हे पुस्तक करण्यामागे ती फट थोडी बुजवण्याचा हेतू आहे. म्हणून इथे शब्द शॉपफ्लोअरवरचेच ठेवले आहेत. स्किडला स्किडच म्हटले आहे आणि लॅशिंगला लॅशिंग.

पुस्तकाची मांडणी मशीनच्या प्रवासाच्या क्रमाने आहे. पहिल्या भागात मशीनची तयारी: वजन, गुरुत्वमध्य, उचलण्याच्या जागा, हलणारे भाग जखडणे, तेल-कूलंट काढणे, गंजरोधन. दुसऱ्या भागात स्किड, पेटी, पिशवी, शोषक आणि लाकूड. तिसऱ्यात कंटेनर भरणे: भार तळावर कसा पसरायचा, ठोकळे आणि पट्टे, आणि भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन. हे वजन १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढवण्यापूर्वी कळवणे जगभर सक्तीचे आहे. चौथ्या भागात कागद आणि खुणा. छत्री, काचेचा पेला, वरच्या दिशेचे बाण, स्लिंग कुठे लावायची आणि गुरुत्वमध्य कुठे आहे याची चिन्हे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहेत. ती वाचायला भाषा लागत नाही. पण चुकीच्या जागी मारलेले गुरुत्वमध्याचे चिन्ह हे चिन्ह नसण्यापेक्षा घातक असते. शेवटचा भाग अनपॅकिंगचा, आणि तो गिऱ्हाइकासाठी लिहिला आहे. हिवाळ्यात गोठवणाऱ्या थंडीतून आलेले मशीन उबदार शॉपमध्ये लगेच उघडले की त्यावर दव धरते. त्यामुळे पिशवी किमान एक दिवस बंदच ठेवावी, ही सूचना मशीनसोबत गेलीच पाहिजे, आणि ती पेटीच्या बाहेर लावलेली हवी. पिशवीच्या आत ठेवलेला कागद पिशवी फोडल्यावरच हाती येतो.

वाचकांचे तीन गट नजरेसमोर आहेत. छोट्या कारखान्याचा मालक, ज्याची पहिली निर्यात ऑर्डर आली आहे. त्याने विमा आणि खर्चाची प्रकरणे आधी वाचावीत. डिस्पॅच सुपरवायझर, ज्याने दुसरा आणि तिसरा भाग हाताशी ठेवावा. आणि डिझाइन विभागातला तरुण इंजिनिअर. या तिघांत सर्वांत कमी शक्यता त्यानेच हे पुस्तक उघडण्याची आहे, आणि सर्वांत जास्त उपयोग त्यालाच आहे. त्याला एकच विनंती. नव्या मशीनचे बीओएम तयार होईल तेव्हा त्यात पॅकिंगला एक ओळ आणि एक ड्रॉइंग नंबर द्यावा. त्या नंबराखाली पहिल्या आवृत्तीत नुसते एक पान असले तरी चालेल: वजन, गुरुत्वमध्य, उचलायच्या जागा, काढायचे भाग, जखडायचे भाग. पुढच्या मशीनला ते सुधारेल. मग महिनाअखेरीच्या रात्रीही सुताराच्या हातात कागद असेल.

पहिले प्रकरण वजनाचे आहे. ते उघडण्यापूर्वी आपले मशीन एकदा काट्यावर घालून या, टाकी, फिक्स्चर आणि पॅनलसकट. कॅटलॉगमधले वजन चालणार नाही.